लाखभर रुपयांत शेतावर आणि शौकासाठी सेमी-ऑटो पिस्तूल कोणतं घ्यावं?

केळीवाला_रावेर

राम राम मंडळी.

रावेर तालुक्यात, पार सातपुड्याच्या पायथ्याला आपलं शेत. केळी मुख्य, बांधापलीकडे मका. लाईट रात्रीची असली की मोटार चालू करायला मलाच जावं लागतं. डुकरं मक्यात धुडगूस घालून जातात आणि बिबट्या दिसल्याच्या बातम्या तुम्हीही वाचताच. पण खोटं कशाला बोलू, शेत हे निम्मं कारण. उरलेलं निम्मं निव्वळ शौक. पुण्याचे मित्र येतात, सातपुड्यातल्या पाल गावाकडे फिरायला जातो, ओढ्याकाठी शेवभाजी होते. तिथे डबे मांडून नेम धरायचा, हे कधीचं डोक्यात बसलंय. यूट्यूबवर बघतो तर अमेरिकेत लोक रविवारी माळावर जाऊन ९ एमएमच्या पेट्या रिकाम्या करतात. तिकडे टॉरस, रूगर असली पिस्तुलं तीन-चारशे डॉलरात येतात म्हणे.

आपल्याकडे लाखात, ताणून सव्वा लाखात काय बसेल? सरकारी फॅक्टरीचं ‘अशनी’ ऐकून आहे. रिव्हॉल्व्हर नको, मॅगझीनवालंच पाहिजे, ट्रिगर दाबला की पुढची गोळी आपोआप नळीत येणारं. मी डावखुरा आहे, तेही धरून सांगा. लायसन्स अजून काढलेलं नाही.

तापीकाठचा_पोट्या

लाख कशाला घालवतो भाऊ, सीमेपलीकडे एक चक्कर मार, गावठी मिळून जाईल. लायसन्सची कटकटच नाही 😄

सराफ_जळगाव

पोट्या, आधी तुझ्या स्मायलीला उत्तर देतो, कारण असल्या गमतीवर आपल्याकडची पोरं आत गेली आहेत. विनापरवाना हत्यार नुसतं जवळ सापडलं तरी २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी २ वर्षं आणि जास्तीत जास्त ५. बनवणारा-विकणारा असेल तर ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. कायदा घडीभर बाजूला ठेवला तरी त्या कट्ट्याची नळी कसल्या लोखंडाची आहे हे बनवणाऱ्यालाही माहीत नसतं. समोरच्याला लागायच्या आधी धरणाऱ्याची बोटं जातात.

आता केळीवाले भाऊ. माझ्याकडे .३२ बोअरचं पिस्तूल आहे (बोअर म्हणजे नळीचं आतलं माप, इंचात). सराफी धंदा, माल घेऊन गावोगाव जाणं, त्यावर लायसन्स निघालं. त्यामुळे जे लिहितोय ते वापरून लिहितोय, व्हिडिओ बघून नाही.

९ एमएम विसरून जा. आपल्या नियमांत तो प्रोहिबिटेड बोअर, तुला-मला मिळत नाही. टॉरस-रूगरचे तिकडचे भाव वाचून फक्त जीव जळतो. आपल्यासाठी राहतं ते मुख्यतः .३२. त्यात मॅगझीनवालं म्हणजे मुख्यतः ‘अशनी’ आणि त्याच सरकारी घराण्यातली पिस्तुलं. पूर्वी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड होतं, २०२१ पासून कानपूरची अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट कंपनी. दुकानदार ‘निर्भीक’ आणि ‘प्रबल’ पुढे करेल, पण ती दोन्ही रिव्हॉल्व्हरं. पहिलं २०१४ चं, बायकांना पर्समध्ये ठेवता यावं म्हणून अर्ध्या किलोचं काढलेलं. दुसरं २०२३ चं.

एक गोष्ट दुकानात कोणी आपण होऊन सांगत नाही. पिस्तुलाचं .३२ आणि रिव्हॉल्व्हरचं .३२ यांचं काडतूस एक नव्हे. रिव्हॉल्व्हरचं लांब असतं आणि बुडाला ठसठशीत कड असते. पिस्तुलाचं आखूड. शेजाऱ्याकडे .३२ आहे, वेळेला त्याच्याकडून घेऊ, असं कोणी बोललं तर तो दुहेरी चुकतोय. बसणारही नाही आणि असं देणं-घेणं कायद्यातही नाही.

भावाचं विचारशील तर ताजा आकडा दुकानातूनच घे. सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झालाय. जुन्या व्हिडिओतला भाव धरून बजेट बांधलं असशील तर ते तिथेच मोडलं.

पण पैसे हा तुझा खरा अडथळाच नाही. तू लिहिलंस ‘डबे मांडून नेम धरायचा’. भाऊ, लायसन्सच्या अर्जात कारण लिहावं लागतं. फॉर्म ए-१ भरायचा, तब्येतीचा दाखला, हत्यार कुलपात ठेवीन असं लिहून द्यायचं, हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, मग पोलिसांचा अहवाल, मग कलेक्टर कचेरी. पोलिस पाटलापासून ठाण्यापर्यंत सगळे विचारणार, जिवाला धोका कुणापासून? तिथे ओढ्याकाठच्या शेवभाजीचं नाव काढून बघ एकदा. आणि समज, शेताच्या कारणावर मिळालंच. तरी पालच्या बाजूला ते घेऊन जाता येणार नाही. यावल अभयारण्य आहे ते. वन्यजीव कायद्यात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यारासकट पाऊल टाकता येत नाही, मग लायसन्स खिशात असो की नसो. लायसन्सवर हद्दही लिहिलेली असते. ‘महाराष्ट्र’ लिहिलं असेल तर बऱ्हाणपूरच्या लग्नाला किंवा सेंधव्याला जाताना पिस्तूल घरी. लग्नावरून आठवलं, वरातीत हवेत बार काढायला सुद्धा आता वेगळं कलम आहे. २ वर्षांपर्यंत कैद नाहीतर लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. मग स्वतःच्या शेतात डबे उडवू म्हणशील, तर लायसन्स ज्या कारणासाठी दिलं ते सोडून वापर केला की अटीचा भंग. गोळी मक्यातून पार रस्त्यापर्यंत जाते ते वेगळंच.

निवडणूक लागली की ठाण्याचा निरोप येतो, हत्यार जमा करा. लोकसभा, विधानसभा, झेडपी. माझं पिस्तूल कपाटापेक्षा मालखान्यात जास्त सुरक्षित आहे असं आमच्या मिसेस म्हणतात. लायसन्सचं पिस्तूल म्हणजे भाकड म्हैस. चारापाणी रोजचं, राखण रोजची, दूध नाही.

आणि चालवायला कसं आहे ते तर राहिलंच. खिशात मावावं म्हणून केलेलं हत्यार ते. नळी वीतभर सुद्धा नाही. वरची नेम धरायची साइट इतकी बारीक की चाळिशीचा चष्मा लागलेल्या माणसाला पुढची माशी दिसली तर मागची खाच दिसत नाही. स्प्रिंग कडक, त्यामुळे स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, ओढायला जोर लागतो. रेंजवर दहा मीटरवरच्या कागदावर माझ्या गोळ्या ताटाएवढ्या पसरतात. पंचवीस मीटरवर कागद कोणाचा हे विचारायची वेळ येते. काडतुसं लायसन्सवर लिहिलेल्या संख्येपुरतीच मिळतात, महाग असतात आणि हिशेब द्यावा लागतो. सरावाच्या नावाने पेटी रिकामी करणं आपल्या नशिबात नाही.

शौकाचं म्हणशील तर मी गोदामात दहा मीटर मोजून एअर पिस्तूल चालवतो. दुकान वाढवलं की अर्धा तास. तू तेच बघ. त्याबद्दल माझ्यापेक्षा नीट सांगणारे इथे आहेत.

नानाभाऊ_अमळनेर

सराफ भाऊ खरं सांगी राह्यनात. मना मामानी फाइल फिरई फिरई लायसन काढं. आते पिस्तूल कपाटमा शे नि मामा वावरमा.

केळीवाला_रावेर

नानाभाऊ 😂 मामांना राम राम सांगा.

सराफ दादा, एवढं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. दुकानदाराने तर ‘लायसन्स आणा, बाकी माझ्यावर सोडा’ एवढंच म्हटलं होतं. अभयारण्याचं खरंच डोक्यात नव्हतं. आम्ही पालला जातो ते रेस्टहाउसच्या बाजूनेच.

मग एअर पिस्तुलात सेमी-ऑटो येतं का? की प्रत्येक वेळी मोडून छर्रा भरायचा? लहानपणी जत्रेत फुगे फोडायची बंदूक होती तसलं नको. आणि त्याला लायसन्स नाही हे नक्की का? डुकरांवर चालेल का, हेही सांगून टाका.

वाटाड्या_यावल

डुकराचं मी सांगतो, कारण त्या प्रश्नावर माणसं जखमी झालेली बघितली आहेत. एअर पिस्तूल डुकराला लागलेलं कळणार सुद्धा नाही. .३२ लागलं तर कळेल, पण ते मरणार नाही, आणि जखमी डुक्कर मक्यातून सरळ माणसाच्या मांडीवर येतं. रात्री, एका हातात बॅटरी, पायात चिखल. शिवाय रानडुक्कर असो की रोही (नीलगाय), वनखात्याची लेखी परवानगी नसेल तर तो गुन्हा. बिबट्याचं तर नावच काढू नका, तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

मक्याला सोलर झटका, म्हणजे सौर मशीनवरचं तारेचं कुंपण, लावा. मशीन चांगल्या कंपनीचं घ्या आणि तारेखालचं गवत कापत राहा, नाहीतर करंट जमिनीत उतरतो आणि लोक म्हणतात झटका चालत नाही. घरातली लाईट तारेत सोडायची नाही, त्यात माणसं मेली आहेत. नुकसान झालं तर पंचनामा लगेच करून घ्या. भरपाई मिळते, उशीर झाला की मिळत नाही. रात्री जाताना दोघं जा, मोठ्याने बोलत जा, मोबाइलवर गाणी लावून जा. वाकून मोटारीचा बोर्ड बघताना पाठ उघडी पडते तेव्हा सोबतच्याने बॅटरी मागे मारायची. यात पिस्तुलाचं काम कुठेच नाही.

नेमबाज_ताई_धुळे

केळीवाले दादा, मी १० मीटर एअर पिस्तूल खेळते, आता लहान मुलांना शिकवतेही. तुमचे प्रश्न एकेक घेते.

लायसन्सचं: बोअर .१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त नाही आणि ताकद २० ज्यूलपेक्षा जास्त नाही, या दोन्ही अटींत बसणाऱ्या एअर पिस्तुलाला लायसन्स लागत नाही. ‘दोन्ही’ हा शब्द नीट वाचा. ऑनलाइन ५.५ मिलिमीटरची, म्हणजे .२२ ची एअरगन दिसते, ‘पॉवर जास्त’ असं लिहून विकतात. ती अटीबाहेर जाते. आधार कार्ड दाखवून, पक्कं बिल घेऊन, नावाजलेल्या दुकानातूनच घ्या आणि बिलाची झेरॉक्स पिस्तुलाच्या पेटीतच ठेवा.

सेमी-ऑटोचं: हो, येतं. सीओटूवर, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅसवर चालणारी पिस्तुलं असतात, मुठीत १२ ग्रॅमची गॅसची नळकांडी बसते, मॅगझीनमध्ये स्टीलच्या गोळ्या. ट्रिगर दाबत जा, गोळी सुटत जाते. काहींत स्लाइडही मागे येते, हाताला झटका लागतो. तुम्हाला व्हिडिओत जे आवडलंय ते साधारण हेच. ताकद तीन ज्यूलच्या आसपास, सराफ काकांच्या .३२ ला दीडशेच्या पुढे असते, यावरून अंदाज घ्या. मित्रमंडळींत डबे पाडायला झकास. पण नळी आतून गुळगुळीत असते, गोळी फिरत जात नाही, म्हणून कागदावर एका जागी लागत नाहीत. महिनाभरात डबा पडतोय पण मी सुधारतोय का, हे कळेनासं होतं.

स्टीलची गोळी परत येते हे मात्र मनावर घ्या. भिंत, दगड, लोखंडी पत्रा, काहीही कडक असलं की ती उलटते आणि डोळा शोधते. मागे जाड गोधडी सैल टांगा म्हणजे गोळी तिथेच मरून खाली पडते. बघणाऱ्या प्रत्येकाला चष्मा. पुण्याच्या मित्रांना विशेष करून, ते ऐकत नाहीत असा माझा अनुभव आहे.

दुसरा प्रकार मोडून भरायचा, तुमच्या जत्रेतल्या बंदुकीचा भाऊ. पाच-सात हजारांत येतो, टिकतो. पण आतली स्प्रिंग सुटताना पिस्तूल पुढे-मागे दोन्हीकडे हलतं आणि दर वेळी मोडायला जोर लागतो. वीस-तीस छऱ्यांनंतर मनगट थरथरतं आणि माणूस त्याला स्वतःचा नेम समजतो. शिकायला मी हा कोणालाच देत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे आम्ही खेळतो तो. सिलिंडरमध्ये दाबून हवा भरलेली, एका वेळी एक छर्रा. तुम्हाला मॅगझीन हवं आहे हे वाचलं, तरी सांगते, एकदा हातात धरून बघा. ट्रिगर अवघ्या ५०० ग्रॅमवर सुटतो, म्हणजे बोट दाबलं की विचार केला हे कळत नाही. झटका नाही, आवाज ‘टक्’ एवढाच. समोर दहा मीटरवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, करंगळीच्या नखापेक्षा जरासं मोठं. एका हाताने ते साठ वेळा, ७५ मिनिटांत. मनू भाकरने २०२४ ला पॅरिसमध्ये दोन्ही पदकं याच प्रकारात आणली. तिथे सेमी-ऑटो नसल्याचं कोणाला आठवतही नाही, कारण एक छर्रा सोडला की पुढचा भरायच्या आधी श्वास परत जागेवर आणायला वेळ लागतोच.

परदेशी मॅच पिस्तूल दीड-दोन लाखांच्या पुढे जातं. भारतीय बनावटीचं तुमच्या बजेटच्या बरंच आत बसेल, हवा भरायचा हातपंप धरून सुद्धा. डावखुरे आहात म्हणून एक महत्त्वाचं: मॅच पिस्तुलाची लाकडी मूठ डाव्या हाताची वेगळी येते, मापंही वेगळी असतात. ऑर्डर देतानाच सांगा. दुकानदार म्हणेल उजवीच घ्या, घासून देतो. घेऊ नका. सीओटूच्या पिस्तुलात मॅगझीन सोडायचं बटण उजव्या हाताच्या अंगठ्यासाठी असतं, तुम्ही ते तर्जनीने दाबाल. अडचण नाही, उलट लवकर जमतं.

आणि खरंखुरं सेमी-ऑटो, बारूदवालं, चालवायचंच असेल तर त्यालाही सरळ रस्ता आहे. २५ मीटरच्या प्रकारांत .२२ ची पाच गोळ्यांची सेमी-ऑटो पिस्तुलं वापरतात. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं ते यातलंच. रायफल क्लबचे सदस्य झालात तर रेंजवर प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली क्लबचं पिस्तूल चालवता येतं. राज्य स्पर्धा, मग राष्ट्रीय स्पर्धेचे पात्रता गुण, असं करत खेळाडू म्हणून स्वतःचं लायसन्स मागता येतं. तिथे ‘धोका कुणापासून’ हा प्रश्न नसतो, स्कोअरशीट दाखवायची असते. पण आधी एअर पिस्तूल. प्रत्येक प्रशिक्षक हेच म्हणेल.

सराफ_जळगाव

ताई, मला काका केलंत, चालेल.

केळीवाले, ताईंच्या बोलण्यात माझी एक भर. ते सीओटूचं पिस्तूल दिसायला अगदी खऱ्यासारखं असतं. कमरेला खोचून सावद्याच्या बाजारात गेलास तर लोक ठाण्यात फोन लावतील आणि बरोबर करतील. गाडीत न्यायचं तर बंद पेटीत, बिलासकट. आणि पाखरं नाहीत. व्हल्यावर नेम धरला तरी ती शिकारच.

केळीवाला_रावेर

ठरल्यासारखं आहे. पिस्तुलाचं लायसन्स रद्द, म्हणजे काढायचंच रद्द. सोलर झटक्यासाठी यावलच्या दादांना मेसेज करतो. केळी पिकवायच्या जुन्या खोलीची लांबी मोजली, दहा मीटर भरून वर थोडी उरते.

ताई, माझं मन अजून थोडं मॅगझीनकडे ओढतंय. आधी सीओटूचं घेतो, मित्रांना मजा. मग दिवाळीनंतर केळीचे पैसे आले की हवेवालं, डाव्या मुठीचं. चालेल का? आणि गॅसच्या नळकांड्या एकदम पेटीभर आणून ठेवल्या तर स्वस्त पडतात का?

नेमबाज_ताई_धुळे

चालेल. फक्त सीओटूवर ट्रिगर हिसकायची सवय लावून घेऊ नका, नंतर मोडायला मलाच त्रास होतो.

नळकांड्या पेटीभर स्वस्त पडतात, पण आता मार्चमध्ये आणू नका. तुमच्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर जातं आणि पत्र्याच्या खोलीत, बंद गाडीत त्याहून बरंच जास्त. नळकांडीवर ५० डिग्रीची मर्यादा छापलेली असते, ती गंमत म्हणून नसते. तापल्यावर आतला दाब भसकन वाढतो. लागतील तेवढ्याच घ्या, घरात सावलीला, माठाच्या कोपऱ्यात ठेवा. उन्हात तापलेलं पिस्तूल लगेच चालवू नका, सील जातं. उलट डिसेंबरच्या पहाटे गॅस थंड पडून गोळी लोळत जाईल, तेव्हा पिस्तूल बिघडलं समजून दुकानात पळू नका. नवी नळकांडी लावताना तिच्या तोंडाला सिलिकॉन तेलाचा एक थेंब लावा. खोबरेल नाही, तेही लावून आणलेलं बघितलंय.

हवेवालं घ्याल तेव्हा छर्रे चपट्या तोंडाचे मागा, कागदाला गोल स्वच्छ भोक पडतं आणि गुण मोजता येतात. ते शिशाचे असतात, म्हणून खेळून झालं की साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही. आणि तुमच्या खोलीत अजून केळी पिकवत असाल तर ती आधी दुसरीकडे हलवा.